जमीन नावावर करून देण्याआधी

वय साठीपुढे गेले, गुडघे कुरकुरू लागले, की घरात एक विषय हमखास निघतो. "आबा, आता जमीन आमच्या नावावर करून टाका." सांगणारी माणसे आपलीच असतात. पण सही करण्याआधी एक फरक ध्यानात घ्या.

बक्षीसपत्राची नोंदणी होऊन मुलाने ते स्वीकारले, की जमीन त्याची झाली. पुढे पटेनासे झाले म्हणून ते केवळ आपल्या मर्जीने मोडता येत नाही. त्याने जमीन गहाण टाकली, विकली, तरी आपण बांधावर उभे राहून पाहायचे!

मृत्युपत्राचे तसे नाही. ते आपल्या पश्चात अमलात येते. तोवर सातबारा आपल्याच नावावर राहतो. हयातीत ते कितीदाही बदलता येते, रद्दही करता येते. शेवटचे केलेले खरे.

ते करावे कसे? साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे आपली सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांनी आपल्याला सही करताना पाहिलेले असावे आणि आपल्यासमोर सह्या कराव्यात. ज्यांना वाटा द्यायचा, त्यांना साक्षीदार करू नये. गट नंबर, क्षेत्र, विहिरीतला हिस्सा, घर, जनावरे, सारे स्पष्ट लिहा. तारीख विसरू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी; मागाहून वाद कमी होतात.

दोन गोष्टी मात्र जपा. वडिलोपार्जित जमिनीत आपल्याला फक्त आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येते. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही.

आणि घरधनिणीला विसरू नका. जमीन मुलांना लिहिली, तरी "हयातभर घरात राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क पत्नीस" ही एक ओळ लिहिता येते. तिच्या म्हातारपणी या ओळीचा मोठा आधार होतो.

बक्षीसपत्रच करायचे असेल, तर "आईवडिलांचा सांभाळ करावा" ही अट दस्तात स्पष्ट घाला. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते रद्द करवून घेता येते. त्यासाठी प्रांत कचेरीत चौकशी करावी.

मुलांवर विश्वास जरूर ठेवा. पण हात चालतात, डोके शाबूत आहे, तोवरच वकिलाला विचारून कागद करून ठेवा. पोरांनाही त्यातच सुख आहे. भावाभावांना कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.