जलद लोकलमधलं भजन

मुंबईच्या लोकलला नाव नसतं, वेळ असते. सात एक्कावन्न, आठ चौदा. त्या गाड्यांमधल्या भजनी मंडळांचीही तीच तऱ्हा. पावतीपुस्तकावर नाव कुठल्याही संताचं असो, फलाटावर ओळख ‘आठ चौदाचं मंडळ, मागून तिसरा डबा’ एवढीच. बदलापूरहून दादरकडे जाणाऱ्या अशाच एका मंडळाबरोबर मी बरीच वर्षं प्रवास करतो आहे. आधी नुसता ऐकणारा होतो, मग मागे उभा राहून धृपद धरू लागलो. टाळ हाती यायला वेळ लागला, कारण टाळ मोजके असतात आणि ते ज्येष्ठतेने मिळतात.

बदलापूरला कापडी पिशवीतून टाळ निघतात, खंजिरी निघते, ढोलकी मांडीवर येते. पेटी नाही. भाता उघडायला जागा लागते, ती अंबरनाथनंतर उरत नाही. म्हणून सूर बुवांनी लावायचा आणि बाकीच्यांनी तो सोडायचा नाही. घरी काळी दोनमध्ये सुखाने गाणारे आमचे बुवा गाडीत त्याहून वर लावतात, कारण खालच्या पट्टीतला आवाज रुळांच्या खडखडाटात बुडून जातो. नव्या गाड्यांची आणखी एक खोडी आहे. स्टेशन सोडताना मोटरचा आवाज खालून वर चढत जातो आणि नवशिक्याचा गळा त्याच्या मागे ओढला जातो. बुवा अशा वेळी हाताने ‘खाली, खाली’ अशी खूण करतात. आजवर त्यांनी कुणाला याहून जास्त शिकवणी दिलेली मी पाहिली नाही.

रामकृष्णहरीचा गजर उल्हासनगर, विठ्ठलवाडीपर्यंत चालतो. माणसं चढत असतात, गळे तापत असतात. रूपाचा अभंग कल्याण सुटल्यावरच. डोंबिवलीला भजन थांबत नाही, पण आवाज निम्मा होतो. छाती चहूबाजूंनी दाबली गेल्यावर तान निघणार कुठून? टाळ छातीशी घेऊन मिटते वाजवायचे, नाहीतर शेजाऱ्याच्या कानशिलाला लागतात. ढोलकीवाला उठलेला असला तर डब्याचा पत्राच ढोलकी होतो. दारापाशी उभा असलेला एकजण पत्र्यावर तळहाताने असा भजनी ठेका धरतो, की त्याच्याकडे घरी ढोलकी नाही हे कुणाला पटत नाही.

ठाण्याला थोडी हवा येते आणि गौळण सुरू होते. पूर्वी गौळणीच्या आधीच एक मेजवानी असायची. जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. 1916 साली खुला झालेला, सुमारे 1.3 किलोमीटर लांबीचा तो बोगदा आला की बुवा मुद्दाम गजर काढत. दहा-पंधरा गळ्यांचे पन्नास झाल्यासारखे वाटत. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली, जलद लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. रेल्वेच्या दृष्टीने सोय झाली. आमचा मात्र फुकटचा ध्वनिवर्धक गेला.

घाटकोपरपासून मंडळ विरळ होऊ लागतं. 2014 साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली, तेव्हापासून अंधेरीकडे नोकरी असणारे इथेच उतरतात. पूर्वी ते दादरला जाऊन पश्चिम रेल्वे पकडत. वांद्रे-कुर्ला संकुलातले कुर्ल्याला उतरतात. म्हणजे शेवटचा अभंग रंगायच्या वेळेला निम्मे गळे जिन्यावर असतात. कुर्ला सुटलं की पसायदान. दादरचा फलाट लागण्याआधी टाळ पिशवीत गेलेच पाहिजेत, हा मंडळाचा एकमेव कडक नियम आहे.

आमच्या उत्तम बैठका मात्र रेल्वेच्या कृपेने झाल्या. पावसात कुर्ला आणि शीवच्या मध्ये पाणी भरतं, गाडी उभी राहते, पंखे फिरत राहतात, आणि सव्वा तासात आटपायचं भजन अडीच तास चालतं. एरवी वेळेअभावी ज्यांना हात लागत नाही ते अभंग तेव्हा निघतात. मोबाइलमध्ये मान घातलेलाही शेवटी टाळ्या धरतो, कारण जायला जागा नसते.

वर्षाचे हंगाम ठरलेले आहेत. आषाढीच्या आदल्या दिवशी राजगिऱ्याचे लाडू. गोकुळाष्टमीच्या आठवड्यात नुसत्या गौळणी. श्रावणात नवीन चाली बसवायच्या, कारण पुढे गणपतीत ज्याच्या त्याच्या घरी आरतीला बोलावणं येतं आणि तिथे जुनंच गायलं तर बायका नावं ठेवतात. सर्वांत मोठा मान दसऱ्याचा. दसऱ्याला कचेऱ्या बंद, म्हणून पूजा आदल्या कामाच्या दिवशी. पहाटे यार्डातून गाडी लागायच्या आत झेंडूची तोरणं, आंब्याचे डहाळे, खिडक्यांच्या गजांना हळदकुंकू. मोटरमन आणि गार्डना नारळ आणि पेढे जातात. त्या दिवशी महिलांच्या डब्यातही गाणी चालू असतात, आणि मला विचाराल तर त्यांचे सूर आमच्यापेक्षा जास्त जुळलेले असतात.

या सगळ्याहून वेगळा एक कार्यक्रम पंचांगात नाही. महिनाअखेरीला कुणीतरी निवृत्त होतो. राज्य सरकारचा माणूस अठ्ठावन्नला, केंद्राचा साठाव्या वर्षी. शेवटच्या दिवशी त्याला खिडकीची जागा, शाल, श्रीफळ, आणि त्याला आवडणारा अभंग त्यानेच सांगायचा. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. पास संपलेला असतो.

मंडळ नोकरीच्या वेळेवर उभं आहे, हे एकदा लक्षात आलं की त्याचा इतिहासही कळतो. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणातल्या चाकरमान्यांची भजनं व्हायची. पाळी सुटली की माणसं जिन्याखाली जमत. जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, घरं विकली गेली, माणसं अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा अशी लांब फेकली गेली. रात्री आठ-नऊला घरी पोचणाऱ्या माणसाला तालमीला कुठली संध्याकाळ? जाण्यायेण्याचे तीन तास तेवढे हातात राहिले. त्यातून हे भजन टिकलं. भक्ती आहेच, पण भक्तीने माणसं रोज एका ठिकाणी एका वेळेला जमत नाहीत. ते काम वेळापत्रक करतं. गाडी पंधरा मिनिटांनी पुढे-मागे केली की मंडळ फुटतं, हे मी पाहिलेलं आहे.

तक्रारीही आहेत आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत. रात्रपाळी करून झोपायला बघणाऱ्याच्या कानाशी टाळ वाजवणं म्हणजे पुण्य नव्हे. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 145 मध्ये गाडीत उपद्रव करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, आणि गाणारा भजन गातो म्हणून तो त्यातून सुटत नाही. कुणी हात जोडले की आमचे बुवा आवाज उतरवतात, पुढचं भजन नुसत्या टाळ्यांवर घेतात. सगळीकडे असं होत नाही. त्याहून वाईट म्हणजे रुमाल टाकून जागा अडवणं. ‘माऊली’ म्हणत एखाद्याला उठवायचं आणि आपला माणूस बसवायचा, याला माझ्याकडे क्षमा नाही. जागेवरून भांडणारं मंडळ गायलं नाही तरी चालेल.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या. जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाल्या, फेब्रुवारी 2021 मध्ये ठरावीक वेळांत सगळ्यांसाठी, एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि 15 ऑगस्टपासून दोन लशी घेतलेल्यांसाठी. त्या काळात मंडळाने फोनवर एकत्र गायचा प्रयत्न केला. प्रत्येकाचा टाळ वेगळ्या वेळी पोचायचा. दोन दिवसांत नाद सोडला. गाड्या पूर्ववत झाल्या तेव्हा काही जण आठवड्यातून दोनदाच कचेरीत जाऊ लागले होते. काही जण पास परवडतो म्हणून वातानुकूलित गाडीत गेले. तिथे दारं बंद असतात, कुजबुजलेलं पलीकडे ऐकू जातं, आणि गायला संकोच वाटतो म्हणे. तिशीतली मुलं येतात, छान गातात, वर्षा-दोन वर्षांत नोकरी बदलून वाशीला किंवा पुण्याला जातात. ठेका बसायला एवढा वेळ पुरत नाही.

आमचा ढोलकीवाला येत्या मार्चअखेर निवृत्त होतो आहे. त्याच्या जागी कुणी तयार नाही. भजनी ठेका येत असेल आणि सकाळी बदलापूर किंवा अंबरनाथहून जायचं असेल, तर मागून तिसऱ्या डब्यात या. बसायला जागा मिळेल असं सांगत नाही. ढोलकी मात्र मंडळाची आहे.