कच्चा खायचा पाला : जंतू शेतातच अडवा



आपल्याकडे भाकरीबरोबर मेथीचा घोळाणा, कांद्याची पात, मुळा, काकडी असतेच. हे सगळे आपण कच्चेच खातो. शहरात आता हेच माळवं धुऊन, चिरून, पाकिटात बंद करून विकले जाते. घेणारा पाकीट फोडतो आणि तसेच खातो. शिजवलेल्या भाजीतले जंतू आचेने मरतात. कच्च्या पाल्याला ती आच लागत नाही. म्हणून त्याची काळजी शेतातूनच घ्यावी लागते.

जंतू येतात कुठून?

माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण त्यांतल्या काही जाती घातक. त्यांनी रक्ताची हगवण लागते, कधी मूत्रपिंडही निकामी होते. ज्या जनावराच्या पोटात ते असतात, ते मात्र धडधाकट दिसते. शेण, सांडपाणी आणि न धुतलेले हात यांतून ते पाल्यावर येतात. पानाच्या चिरेत किंवा कापलेल्या देठात शिरले, की धुऊनही पुरते निघत नाहीत. पाकिटात ओल असतेच. त्यात ऊब मिळाली, की वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजच्या गारव्यातही वाढतो.

असे घडलेले आहे

२००६ साली अमेरिकेत पिशवीबंद पालक खाऊन सुमारे २०० लोक आजारी पडले, तीन दगावले. तो पालक कारखान्यात धुतलेला होता. शोध घेतला तेव्हा तेच जंतू शेताच्या आसपास गुरांच्या शेणात आणि रानडुकरांच्या विष्ठेत सापडले.

२०११ साली जर्मनीत सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मेले. आधी आळ आला स्पेनच्या काकडीवर. कोणी काकडीला हात लावेना. तिथल्या शेतकऱ्यांचा माल वाया गेला. पुढे तपासात कळले, की काकडी निर्दोष होती. दोष निघाला मोड आलेल्या कडधान्यांत, आणि माग लागला तो मेथीच्या बियांपर्यंत. मेथी म्हणजे आपल्या घरातलीच वस्तू!

मग करावे काय?

१. शेणखत पुरते कुजलेलेच घालावे. ताजे शेण घातल्यास, जमिनीला टेकणाऱ्या पिकाची काढणी १२० दिवस करू नये, असा अमेरिकेत सेंद्रिय शेतीचा नियम आहे. आपली मेथी महिन्याभरात निघते. म्हणजे तिला कच्चे शेण चालायचेच नाही.

२. गावच्या किंवा शहराच्या सांडपाण्यावर पालेभाजी घेऊ नये. विहिरीचे किंवा बोअरचे चांगले पाणी द्यावे. पाणी पानांवर न उडवता बुडाशी सोडावे.

३. बाजारात ताजी दिसावी म्हणून जुडी नाल्यात किंवा डबक्यात बुचकळू नये. सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. पिण्याजोगे पाणी घ्यावे. त्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी टीसीएल पावडर मिसळून तासभर ठेवावे, मग वापरावे. गढूळ पाण्यात टीसीएल टाकून उपयोग नाही. मळच औषध खाऊन टाकतो. पाणी काळे होऊ लागले की बदलावे.

४. काढणीच्या आधी साबणाने हात धुवावेत. हगवण लागलेल्या माणसाने पाल्याला हात लावू नये. शेताजवळ शौचाला बसू नये.

५. कॅरेट, विळा, गोणपाट धुऊन वाळवावे. ज्या गोणीत खत भरले, तीत भाजी भरू नये. माल सावलीत ठेवावा, पहाटेच्या गारव्यात लातूर-नांदेडच्या बाजारी न्यावा.

६. कोणत्या तुकड्यातला माल कोणत्या तारखेला कुणाला दिला, हे वहीत लिहून ठेवावे. उद्या कुठे आजार पसरला आणि बोट आपल्याकडे वळले, तर दाखवायला काही हाताशी असावे. स्पेनचा शेतकरी निर्दोष असूनही बुडाला, हे विसरू नये.

घरच्यांसाठीही एवढे करा : घोळाण्याची मेथी वाहत्या स्वच्छ पाण्यात पान न् पान धुवा, चिरली की लगेच खा. लहान मुलांना, गरोदर बाईला, म्हाताऱ्यांना मोड आलेली कडधान्ये शिजवूनच द्या. शौचातून रक्त पडू लागले, तर घरगुती उपायांवर वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.