पाण्याची पाचर

ओंडका फोडताना भेगेत पाचर ठोकली की भेग पुढे सरकते. जमिनीखाली काही किलोमीटर खोल असलेल्या खडकात हेच काम द्रवाच्या दाबाकडून करून घेतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १९४७ साली पहिला प्रयोग झाला, तेव्हा पाण्याऐवजी घट्ट केलेले पेट्रोल वापरले होते. आता बहुधा पाणी वापरतात. भेग मिटू नये म्हणून त्यातून वाळू सोडतात.

ही भेग कोणत्या दिशेने जाईल? ३ किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार हवेच्या दाबाच्या सुमारे ८०० पट असतो. मात्र खडक सर्व दिशांनी सारखा दाबलेला नसतो. जिकडून दाब सर्वांत कमी, त्या दिशेशी काटकोन करून भेग उघडते. हबर्ट आणि विलिस यांनी १९५७ साली हे जिलेटिनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ लगदा घुसवून दाखवले. वर्गातही हा प्रयोग करून पाहता येईल.

खरी भेग मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही ती संगणकावर घडवतो. खडकाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक क्षणी तीन प्रश्न विचारतो. भेगेतून पाणी किती वाहते? त्या दाबाने भेग किती रुंदावते? टोकाशी खडक तुटेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. रुंदी निम्मी झाली, तर त्याच दाबाने वाहणारे पाणी एक-अष्टमांश होते. आणि पाणी अडले की दाब बदलून रुंदीही बदलते. म्हणून दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत गणित पुन्हा पुन्हा करावे लागते. शेवटी ताळा पाहायचा : आत सोडलेले पाणी म्हणजे भेगेतले पाणी अधिक खडकात मुरलेले पाणी.

ताळा जुळला, म्हणजे उत्तर बरोबर आले का? स्वित्झर्लंडमधील बाझल शहराखालच्या तप्त खडकातून उष्णता मिळवण्यासाठी डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ५ किलोमीटर खोलीवर सहा दिवस पाणी सोडले. धक्के वाढू लागल्यामुळे पंप थांबवले. तरीही काही तासांनी ३.४ प्रतीचा भूकंप झाला आणि घरांच्या गिलाव्याला तडे गेले. २००९ साली प्रकल्प सोडून द्यावा लागला.

पंप थांबला तरी दाब लगेच ओसरत नाही. तो जुन्या भेगांमध्ये पसरत राहतो. अशा भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर आवळून बसलेल्या असतात. आतल्या पाण्याच्या दाबाने ती आवळण सैल झाली की त्या घसरतात. अशी जुनी भेग आम्ही गणितात घेतलीच नसेल, तर संगणक ती आपणहून शोधून देत नाही.

म्हणून खडकाचे गुणधर्म आणि दाब थोडे थोडे बदलून आम्ही तेच गणित अनेकदा करतो. भूकंपमापकांनी टिपलेल्या बारीक धक्क्यांशी उत्तरे ताडून पाहतो, आणि एकच आकडा न देता शक्यतांचा पल्ला सांगतो. विद्यार्थ्यांनी संगणकाचे उत्तर पाहण्याआधी विचारावे : यात काय धरले आहे, आणि काय सुटले आहे?