नवेगाव बांध

नवेगाव बांध : पूर्व विदर्भातील एक प्रसिद्ध मानवनिर्मित तलाव. पूर्वी तो भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ मधील जिल्हाविभाजनानंतर तो गोंदिया जिल्ह्यात (तालुका अर्जुनी मोरगाव) मोडतो. क्षेत्रफळ सु. ११ चौ. किमी. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचे मानले जाते.

कोहळी हा भंडारा परिसरातील शेतकरी समाज तलावबांधणी व ऊसलागवड यांसाठी ख्यातनाम आहे. तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन देण्याचे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते, अशी परंपरा आहे. जमिनीचा नैसर्गिक उतार हेरून टेकड्यांमधील खिंडी मातीच्या पाळींनी अडविणे, ही कोहळ्यांची रीत. नवेगाव येथेही ‘सात बहिणी’ या टेकड्यांचाच तटासारखा उपयोग झाला असून बांधकाम केवळ खिंडींपुरते आहे. अशा तलावांतील पाणी पाटांनी धानाच्या बांध्यांत जाते व जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाते.

भूदृश्यरचनाकारांची स्मृती अन्यत्र वास्तुरूपानेही जपली गेली आहे. अमेरिकेतील या शास्त्राचे अग्रणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (१८२२–१९०३) यांचे ब्रुकलाइन (मॅसॅचूसेट्स) येथील ‘फेअरस्टेड’ हे निवासस्थान व कार्यालय नकाशे-आराखड्यांसह राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केले आहे. कोलू पाटलांना लोकांनी देवत्व दिले. ‘कोलासूर देव’ या नावाने त्यांचे ठाणे तलावालगतच्या एका टेकडीवर आहे. त्यांचा आराखडा मात्र कागदावर नसून जमिनीवर आहे. टेकडी, पाळ, पाणी व शेत यांचा मेळ पाहिल्यावर तो अभ्यासकास उलगडतो.

कागदाप्रमाणे हा आराखडा कपाटात सुरक्षित ठेवता येत नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात येऊन पूर्व विदर्भातील हजारो तलाव शासनाकडे आले. ‘माजी मालगुजारी’ (मामा) तलाव म्हणून ते ओळखले जातात. गाळ व दुरुस्तीचा अभाव यांमुळे त्यांपैकी अनेकांची साठवणक्षमता घटली. त्याची झळ सिंचनाबरोबरच मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांनाही पोहोचते. गाळ काढणे व पाळी राखणे हेच येथील खरे स्मारकजतन होय.

तलावाभोवतीचे वन १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात अंतर्भूत आहे. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पाणपक्षी येतात. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या नवेगावबांधचे दिवस या पुस्तकामुळे हा परिसर मराठी वाचकांस विशेष परिचित झाला.