दूर अंतराळातील प्रोग्रॅमची तपासणी

प्रोग्रॅम बिघडला की तो थांबवायचा, दोष शोधायचा आणि पुन्हा सुरू करायचा, हा संगणक क्षेत्रातील शिरस्ता. पण प्रोग्रॅम थांबविणेच परवडणारे नसेल तर? मे १९९९ मध्ये 'नासा'च्या अभियंत्यांपुढे हाच पेच उभा राहिला.

'डीप स्पेस वन' हे यान २४ ऑक्टोबर १९९८ रोजी अंतराळात झेपावले होते. त्यावरील 'रिमोट एजंट' हा प्रोग्रॅम पृथ्वीवरून पावलोपावली आज्ञा न घेता स्वतःच यानाच्या कामाचे नियोजन करणार होता. १७ मे रोजी त्याच्या हाती सूत्रे देण्यात आली. दुसऱ्याच दिवशी ठरल्या वेळी इंजिन बंद करण्याची आज्ञा त्याने दिलीच नाही. यान ठणठणीत होते, प्रोग्रॅम मात्र कशाची तरी वाट पाहत थबकला होता.

तो 'लिस्प' या भाषेत लिहिलेला होता आणि तिचा संवादी शेल यानावरच उपलब्ध होता. शेल म्हणजे प्रोग्रॅमशी प्रश्नोत्तरे करण्याची खिडकी. एक ओळ टंकावी, संगणक ती वाचतो, अमलात आणतो, उत्तर दाखवितो आणि पुढच्या ओळीची वाट पाहतो. प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या स्मृतीत काय साठले आहे, कोणते काम कुठे अडले आहे, हे त्यामुळे विचारता येते. आज 'पायथन' शिकणारा विद्यार्थीही अशीच खिडकी उघडतो. फरक एवढाच, की त्याला उत्तरासाठी काही मिनिटे थांबावे लागत नाही. यान इतके दूर होते, की ते अंतर कापायला प्रकाशालाही काही मिनिटे लागत. दोष शोधताना हा शेल अमूल्य ठरला, असे या प्रकल्पात काम केलेले रॉन गॅरेट यांनी नंतर लिहिले.

दोष क्षुल्लक दिसणारा होता. टपाल आले का, हे दाराशी जाऊन पाहावे, नाही म्हणून आत येऊन घंटी वाजण्याची वाट पाहत बसावे आणि नेमक्या त्या मधल्या क्षणी पोस्टमन घंटी वाजवून निघून जावा, तसे घडले होते. याच जातीची चूक १९९७ मध्ये प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागात गणिती तपासणीने पकडली गेली होती, ही यातली बोचणारी बाब.

अशा शेलभोवती दंतकथाही जमतात. १९९७ मध्ये मंगळावर 'पाथफाइंडर'चा संगणक वारंवार पुन्हा सुरू होत होता. तो शेलमधून दुरुस्त केला, असे आजही सांगितले जाते. शेल उपलब्ध होता, पण दुरुस्ती वेगळ्या पद्धतीने पाठविली, असा खुलासा त्या सॉफ्टवेअरचे प्रमुख ग्लेन रीव्हज यांनी केला होता. हा फरक महत्त्वाचा आहे. पाहण्याची मुभा देणारी खिडकी बदल करण्याचीही मुभा देते आणि चालत्या यंत्रणेत एक चुकीची ओळ पुरेशी असते.

'डीप स्पेस वन'च्या चमूनेही दोष सापडल्यावर घाई केली नाही. तो पुन्हा उद्भवण्याची शक्यता फार कमी होती आणि पुरेशी चाचणी न झालेली दुरुस्ती अधिक धोक्याची वाटली. प्रोग्रॅम आहे तसाच ठेवून २१ मे रोजी दुसरा, छोटा प्रयोग झाला आणि उरलेली उद्दिष्टे पूर्ण झाली.