गिरणीच्या गावात कापडाची टंचाई

ईद जवळ आली की जळगाव-धुळ्याचे बाजार ओढण्या, बांगड्या, शेवया आणि नव्या भांड्यांनी फुलतात. दुसऱ्या महायुद्धात हीच खरेदी अवघड झाली होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि तिकडचे स्वस्त नकली रेशीम येणे थांबले. जळगाव, धुळे, अमळनेर ही गिरण्यांची गावे. पण देशातल्या गिरण्यांचे बरेच कापड सैन्याकडे जाई. तांबे-पितळही युद्धाला लागे. अखेर १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले.

ईदला कपडे नवेच हवेत, असे नाही. असतील त्यांतले चांगले, स्वच्छ घालावेत. फितरा मात्र नमाजाआधी द्यायचाच. टंचाई आजही कुणाच्या तरी घरी आहेच. खरेदीच्या यादीत त्याचा वाटा पहिला असावा.