कॉम्प्युटर ‘हो की नाही’ विचारतो तेव्हा

गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर दोघींच्या सह्या लागतात. एकटी अध्यक्ष गेली तर बँक परत पाठवते. मग गटाच्या कॉम्प्युटरवर मात्र जी बसेल ती मालकीण, असं का?

दर्यापूर असो की पातूर, नवा कॉम्प्युटर आला की त्यावर बहुधा एकच खातं असतं, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. आम्ही त्याला कारभारणीचं खातं म्हणतो. तिथून परवानगी मिळालेला प्रोग्रॅम सगळ्या कॉम्प्युटरमध्ये हात घालू शकतो, अँटिव्हायरससुद्धा बंद करू शकतो.

म्हणूनच २००७ च्या व्हिस्टापासून विंडोज आधी विचारतं, या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का? आपण नवा प्रिंटर किंवा अंगठ्याचं मशीन बसवत असू, तर प्रश्न येणारच, ‘हो’ म्हणा. पण नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘लाभार्थी यादी’ उघडली आणि हा प्रश्न आला, तर ‘नाही’. यादी वाचायला कारभारणीची परवानगी कशाला लागते? चौकटीत प्रोग्रॅम बनवणाऱ्याचं नाव असतं, ते वाचा. ‘अननोन’ दिसलं तर थांबा. नाव खरं असलं तरी भुलू नका. दुरून कॉम्प्युटर चालवायचे प्रोग्रॅम खऱ्या कंपन्यांचेच असतात, पण ‘बँकेतून बोलतो’ म्हणणारा भामटा तेच टाकायला लावतो.

उपाय बिनपैशाचा आहे. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन दुसरं खातं उघडा, ‘स्टँडर्ड यूजर’ प्रकारचं. हिशेब, टायपिंग, इंटरनेट सगळं त्यातच करा. काही बसवायचं झालं की कॉम्प्युटर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल. तो हिशेब लिहिणारीकडे नको, दुसऱ्या पदाधिकारी ताईकडे ठेवा. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, तसंच. एखादा जुना, खात्रीचा प्रोग्रॅम अडूनच बसला, तर माऊसचं उजवं बटण दाबून तेवढ्यापुरतं ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. त्याच्यापायी रोजचं खातं अ‍ॅडमिनचं करू नका. आणि दुरुस्तीवाला भाऊ ‘कटकट नको’ म्हणून हा प्रश्नच बंद करू लागला, तर त्याला तिथंच थांबवा. ती कटकट आपल्याच कामाची आहे.

एक गोष्ट मात्र या खात्यानं टळत नाही. फाईलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस स्टँडर्ड खात्यातल्या फाईलीही अडकवू शकतो. म्हणून दर बैठकीआधी हिशेबाची प्रत पेन ड्राईव्हवर घ्या आणि तो काढून पेटीत ठेवा, कॉम्प्युटरला लावून नाही. चुकून ‘हो’ दाबलं गेलं तर आधी इंटरनेट तोडा. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन लावा.